ऑइलचा ब्रँड बदलला आणि इंजिन खडखडू लागले : दोष कोणाचा, तो शोधावा कसा?

गॅरेज, स्पेअर पार्ट आणि ऑइलची विक्री या व्यवसायांत आपल्या समाजातील अनेक तरुणांनी केवळ हातातील कसबावर जम बसविला आहे. या व्यवसायात भांडवलापेक्षा विश्वास मोठा असतो. ग्राहकाला इंजिनाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो आणि आपला शब्द ऐकू येतो. म्हणून आवाजाचे कारण सांगताना आपला शब्द चुकला, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि आपली पत जाते. या लेखात अशाच एका नेहमीच्या तक्रारीचा विचार करावयाचा आहे. तक्रार अशी : "ऑइलची कंपनी बदलली आणि तेव्हापासून सकाळी गाडी स्टार्ट केली की इंजिन खडखडते."

एक प्रसंग

मालेगाव–नाशिक मार्गावर चालणारी एक लहान सीएनजी टॅक्सी आमच्या गॅरेजमध्ये नेहमी सर्व्हिसिंगला येते. एकदा हिवाळ्यात मालकाने सांगितले, "उस्ताद, या वेळी माझ्या नेहमीच्या कंपनीचे ऑइल मिळाले नाही. चाचांच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचे आणले आहे, हेच टाका." डब्यावरील नंबर तोच होता, ५डब्ल्यू-३०. आम्ही ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी दिली.

तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ काळजीच्या चेहऱ्याने परत आला. पहाटे पहिला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद साखळी घासल्यासारखा मोठा आवाज येतो, मग बंद होतो. दिवसभर गाडी ठीक चालते. वाटेतल्या एका मेकॅनिकने त्याला सांगितले होते की, टायमिंग चेन सैल झाली आहे, पूर्ण किट बदलावे लागेल, दहा-बारा हजारांचा खर्च येईल. गाडीवर कर्ज होते. किट बदलायचे म्हणजे गाडी दोन दिवस उभी आणि महिन्याचा हप्ता चुकणार. रागाच्या भरात तो प्रथम ऑइलच्या दुकानात जाऊन चाचांशी दोन शब्द बोलूनही आला होता. चाचांनी त्याला सांगितले, "बेटा, ऑइल अस्सल आहे. ज्याने टाकले त्याला विचार." आमच्या मुलांचे म्हणणे, "ऑइलच पातळ असणार."

म्हणजे ग्राहक दुकानदाराला, दुकानदार मेकॅनिकला आणि मेकॅनिक ऑइलला दोष देत होता. तपास मात्र अजून कोणीच केला नव्हता. त्या तपासात काय निघाले ते पुढे सांगतो. आधी हा आवाज का येतो ते समजून घेऊ.

पहिल्या दोन सेकंदांत काय घडते?

गाडी रात्रभर उभी राहिली की वरच्या भागातील बरेचसे ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरते. बेरिंग, कॅम, टॅपेट यांच्यावर फक्त पातळ थर शिल्लक राहतो. सकाळी इंजिन फिरू लागले की ऑइल पंप चेंबरमधील जाळीतून ऑइल ओढतो, ते फिल्टरमध्ये ढकलतो, तेथून मुख्य वाटेने क्रँकच्या बेरिंगांकडे आणि शेवटी वर हेडपर्यंत पोहोचवितो. मीटरमधील ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे दाब तयार झाला, असे समजावे. सुस्थितीतील इंजिनात या सर्व कामाला एक-दोन सेकंद पुरतात.

या क्षणभरात इंजिन जवळजवळ कालच्या उरलेल्या थरावर चालत असते. म्हणून तेव्हा थोडासा आवाज येणे हे दरवेळी बिघाडाचे लक्षण नव्हे. आवाज पूर्वी नव्हता आणि आता आहे, किंवा पूर्वी अर्धा सेकंद होता आणि आता तीन सेकंद राहतो, हा फरक महत्त्वाचा. त्याचा अर्थ असा की, ऑइल जेथे वेळेवर पोहोचावयास हवे तेथे उशिरा पोहोचत आहे, किंवा पोहोचूनही तेथील भाग झिजल्यामुळे आवाज करीत आहे.

येथे जुन्या उस्तादांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मारुती ८०० ही गाडी १९८३ ते २०१४ पर्यंत तयार झाली आणि आपल्यापैकी अनेकांचा हात तिच्यावरच बसला. तिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट होता. बेल्टला ऑइल लागत नाही, त्यामुळे साखळीचा आवाज हा प्रश्नच नव्हता. २००८ पासून त्याच कंपनीच्या के-सिरीज इंजिनांमध्ये टायमिंग चेन आली. या चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. दाब येईपर्यंत चेन किंचित सैल राहते आणि आपल्या मार्गदर्शक पट्टीवर आपटते. दाब आला की टेन्शनर तिला दाबून धरतो आणि आवाज थांबतो. बऱ्याच आधुनिक इंजिनांत टॅपेटही ऑइलने भरलेले हायड्रॉलिक प्रकारचे असतात. रात्री त्यातील ऑइल झिरपून गेले, तर सकाळी ते टिकटिक करतात. सारांश, आजच्या इंजिनात ऑइल हे केवळ वंगण राहिलेले नाही, ते एखाद्या पुर्जासारखे काम करते. म्हणूनच ऑइलमध्ये बदल झाला की कान टवकारले जातात.

आवाज ओळखावयास शिका

सर्व आवाज सारखे नसतात. बॉनेट उघडून, लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकण्याची आपली जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. हात, कपडे आणि गळ्यातील रुमाल मात्र फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावा.

चेनच्या बाजूच्या कव्हरमधून खरखर किंवा घासल्यासारखा आवाज येऊन दोन सेकंदांत थांबत असेल, तर टेन्शनरला दाब उशिरा मिळत आहे असा संशय घ्यावा. वर हेडमधून बारीक, वेगवान टिकटिक येत असेल तर ती टॅपेटची. साध्या, म्हणजे गॅप ठेवलेल्या टॅपेटची टिकटिक गॅप वाढल्यामुळे असते आणि ती गरम झाल्यावरही बरीचशी राहते. हायड्रॉलिक टॅपेटची टिकटिक ऑइल भरले की जाते. खालून, चेंबरच्या बाजूने जड ठकठक येत असेल, तर ते बेरिंगचे लक्षण आहे. तेथे ऑइलच्या ब्रँडची चर्चा करीत बसू नये, इंजिन बंद करावे.

डब्यावरील आकडे काय सांगतात?

पुष्कळ ग्राहक आणि खेदाने म्हणावे लागते की काही विक्रेतेही "चांगल्या कंपनीचे ऑइल" एवढ्यावरच थांबतात. वास्तविक कंपनीच्या नावाआधी दोन गोष्टी वाचावयाच्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे जाडी. ५डब्ल्यू-३० यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे आहे. त्यापूर्वीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते दाखवितो. आकडा जितका लहान, तितके थंडीत वाहणे सोपे. नंतरचा आकडा इंजिन तापल्यानंतरच्या जाडीचा. ही जाडी १०० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक या मापात मोजतात. एसएईच्या प्रमाणानुसार ३० नंबरचे ऑइल ९.३ पासून १२.५ च्या आत, ४० नंबरचे १२.५ पासून १६.३ च्या आत आणि ५० नंबरचे १६.३ पासून २१.९ च्या आत असावे लागते.

आता या आकड्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. एका कंपनीचे ऑइल ९.५ असेल आणि दुसऱ्या कंपनीचे १२.३ असेल, तरी दोन्ही डब्यांवर ३० हाच आकडा प्रामाणिकपणे छापलेला असणार. म्हणजे "नंबर तोच आहे, मग ऑइलही तेच" हा समज पूर्ण खरा नाही. त्याशिवाय मूळ तेल खनिज की सिंथेटिक, त्यात कोणती रसायने किती मिसळली आहेत, यातही फरक असतो. त्यामुळे ब्रँड बदलल्यावर आवाजात किंचित फरक पडणे शक्य आहे आणि तसा फरक म्हणजे ऑइल बनावट किंवा निकृष्ट, असेही नव्हे. परंतु योग्य नंबरच्या दोन चांगल्या ऑइलांमधील हा फरक सहसा बारीक असतो. शांत इंजिन एकाएकी तीन सेकंद खडखडू लागले, तर केवळ या फरकाने त्याचा उलगडा होत नाही. आणखी काही तरी बदललेले असते.

काहीजण म्हणतील, आपल्याकडे काही बर्फ पडत नाही, मग डब्ल्यूचा आकडा कशाला पाहावयाचा? हे अर्धसत्य आहे. ऑइलच्या थंडीच्या चाचण्या शून्याखालील तापमानाला होतात हे खरे. परंतु नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडकडे, हिवाळ्यात पारा दहा अंशांच्याही खाली जातो. ४० अंशांना साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल साठ-सत्तर सेंटिस्टोक असते, तर २०डब्ल्यू-५० त्याच्या दुपटीहून जाड असते. पहाटेच्या दहा अंशांना ही तफावत आणखी वाढते. मारुती ८०० च्या काळात २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० सर्रास वापरले जाई आणि त्या इंजिनांना ते मानवतही असे. तीच सवय आजच्या बारीक वाटांच्या चेनवाल्या इंजिनावर लादली, तर टेन्शनरपर्यंत ऑइल पोहोचावयास उशीर होतो. "आवाज येतोय ना, मग जाड ऑइल टाका" हा सल्ला जुन्या झिजलेल्या इंजिनात कधी कधी आवाज दाबतो. नव्या इंजिनात तोच सल्ला सकाळचा आवाज वाढवू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत जो नंबर दिला आहे तोच धरावा.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या डब्यावर एपीआय एसएन, एसपी अशी अक्षरे असतात. डिझेलच्या डब्यावर सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी. एसपी हा दर्जा मे २०२० पासून आला आणि त्यात टायमिंग चेनची झीज कमी राखण्याची कसोटी समाविष्ट आहे. म्हणून चेनवाल्या पेट्रोल गाडीसाठी, पुस्तिकेतील नंबर सांभाळून, एसपी दर्जाचे ऑइल निवडणे फायद्याचे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुराचा फिल्टर असेल, तर तिला कमी राखेचे ऑइल लागते. तेथे डब्यावरील दर्जा पुस्तिकेशी जुळवून पाहावा. उरलेले कारचे ऑइल मोटारसायकलमध्ये ओतण्याची सवयही सोडावी. गिअरच्या दुचाकीत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. तेथे जासो एमए किंवा एमए-२ असे छापलेले ऑइलच टाकावे, नाही तर क्लच घसरण्याची शक्यता असते.

फिल्टर : दुर्लक्षित पण मुख्य संशयित

ब्रँड बदलतो तेव्हा ऑइलबरोबर सहसा फिल्टरही बदलतो, हे आपण विसरतो. ग्राहकाला डब्याचा नवा रंग आठवतो, फिल्टर त्याने पाहिलेलाही नसतो.

डबीसारख्या गोल फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील ऑइल चेंबरमध्ये परत उतरू नये, हे तिचे काम. ही चकती चांगल्या रबराची असेल तर रात्रभर फिल्टर भरलेला राहतो आणि सकाळी पंपाचे ऑइल लगेच पुढे जाते. चकती कडक झालेली, वाकडी किंवा हलक्या दर्जाची असेल, तर फिल्टर रात्रीतून रिकामा होतो. मग सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो आणि त्यानंतर इंजिनाला ऑइल मिळते. ते दोन-तीन सेकंद म्हणजेच आपला खडखडाट.

जेथे फिल्टरचे तोंड वर असते, तेथे तो लोट्यासारखा बऱ्याच अंशी आपोआप भरलेला राहतो. जेथे तो आडवा किंवा तोंड खाली करून बसविलेला असतो, तेथे या चकतीवरच सारी भिस्त असते. बाहेरून पाहता पन्नास रुपये स्वस्त फिल्टर आणि कंपनीचा फिल्टर सारखेच दिसतात. आटे जुळतात, ऑइल गळत नाही, म्हणून फिल्टर "बसला" असे आपण म्हणतो. आतली चकती कोणी पाहत नाही.

ऑइलची पातळी आणि साडेतीन लिटरचा डबा

आणखी एक नेहमीची चूक. लहान गाडीला फिल्टरसह तीन लिटरच्या आसपास ऑइल लागते. ग्राहक साडेतीन लिटरचा डबा आणतो. आपला मुलगा, "त्याचाच माल आहे, उरवून काय करायचे?" असे म्हणून पूर्ण डबा ओततो. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या फार पुढे गेली, तर फिरता क्रँक ऑइलला लागू शकतो आणि ऑइल फेसाळते. हवेचे बुडबुडे मिसळलेले ऑइल टेन्शनर आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये गेले की ते स्पंजासारखे दबतात आणि आवाज करतात. पातळी कमी असेल तर काय होते ते सांगावयास नको.

म्हणून ऑइल टाकल्यावर इंजिन एक मिनिट चालवावे, म्हणजे फिल्टर भरतो. मग गाडी सपाट जागेवर बंद ठेवून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवावी. उरलेले अर्धा लिटर ग्राहकाच्या डिकीत ठेवावे. ते त्याचेच आहे.

दोन ऑइल मिसळले म्हणून आवाज येतो काय?

ऑइल बदलताना जुने थोडे आत राहतेच. "दोन कंपन्यांचे ऑइल मिसळले की दही होते" अशी भीती काहीजण घालतात आणि फ्लशिंगचा जादा डबा विकतात. एपीआयच्या दर्जाला उतरणाऱ्या ऑइलला इतर ऑइलांत नीट मिसळण्याची चाचणी पार करावी लागते. म्हणून आत राहिलेल्या थोड्या जुन्या ऑइलमुळे खडखडाट होतो, ही समजूत सोडून द्यावी. मात्र ज्या इंजिनात वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर बदललेले नाही, तेथे आत काळा चिकट गाळ साठलेला असतो. नव्या ऑइलने तो सुटला आणि पंपाच्या जाळीवर बसला, तर दाब कमी होऊ शकतो. अशा गाडीत झाकण उघडून आत पाहावे आणि गाळ दिसला तर पुढचे ऑइल लवकर बदलण्यास सांगावे.

बनावट ऑइल

नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत हलके किंवा वापरलेले ऑइल भरून विकण्याचा गैरप्रकार आपल्या बाजारात चालतो, हे सर्वांना माहीत आहे. अशा ऑइलने केवळ आवाज येत नाही, इंजिन जाते. सील, बॅच नंबर, तयार झाल्याची तारीख पाहावी. पक्के बिल घ्यावे. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल तर मोहात पडू नये. आणि गॅरेजवाल्यांनी रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे. आपण विकलेला अखंड डबा उद्या आपल्याच ग्राहकाच्या इंजिनावर उलटू शकतो.

तपास कसा करावा?

आता मुख्य धडा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ऑइल, फिल्टर आणि चेन किट एकदम बदलले आणि आवाज गेला, तर तो कशाने गेला ते कोणालाच कळणार नाही. ग्राहकाने तिन्हींचे पैसे दिलेले असतील आणि आपण काहीच शिकलेलो नसू.

(१) प्रथम ग्राहकाला विचारा : आवाज नेमका कधीपासून, किती सेकंद, फक्त पहाटे की दुपारीही? मागील सर्व्हिसिंगला काय काय बदलले? थंडी वाढली तेव्हाच आवाज सुरू झाला काय?

(२) गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्ट स्वतः ऐका. दुपारी गरम इंजिनावर निदान करू नका. मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या सकाळशी तुलना करता येईल.

(३) डिपस्टिकवर पातळी तपासा. जास्त असेल तर काढा, कमी असेल तर भरा. पुन्हा एक सकाळ ऐका.

(४) आवाज राहिला, तर ऑइल तेच ठेवून फक्त फिल्टर बदला. जुना फिल्टर सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी काढा. खाली ट्रे ठेवून पाहा. आडवा किंवा तोंड खाली बसलेला फिल्टर रात्रीनंतर जवळजवळ रिकामा निघाला, तर चोर सापडला असे समजा.

(५) तरीही आवाज राहिला, तर ऑइल प्रेशर स्विच काढून तेथे दाबाचा मीटर लावा. थंड आणि गरम दोन्ही वेळचा दाब पुस्तिकेशी ताडून पाहा. दाब कमी असेल तर पंप, जाळी, बेरिंग पाहावे लागेल.

(६) दाब ठीक आहे, तरी आवाज आहे, तर पुस्तिकेतील नंबर आणि दर्जाचे पूर्वीच्याच ब्रँडचे ऑइल टाकून पाहा. आवाज गेला, तर या इंजिनाला ते ऑइल मानवते, एवढेच म्हणा. दुसऱ्या कंपनीला खोटे ठरवू नका.

(७) हे सर्व झाल्यावरही आवाज कायम असेल, तर चेन आणि टेन्शनर उघडून झीज पाहा. असेही घडते की, चेन आधीपासूनच झिजत आलेली असते आणि ऑइल बदलल्यामुळे ग्राहक प्रथमच लक्ष देऊन ऐकतो. तेव्हा किट बदलणे हाच योग्य सल्ला असतो आणि तो स्पष्टपणे द्यावा.

या काळात ग्राहकाला दोन सूचना द्या. स्टार्ट केल्याबरोबर रेस करू नये. दिवा विझेपर्यंत थांबावे आणि पहिला किलोमीटर सावकाश चालवावे. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत तर हे अधिकच आवश्यक. दुसरी, दिवा काही सेकंदांत विझला नाही, गाडी चालताना पुन्हा लागला, किंवा जड ठकठक गरम झाल्यावरही राहिली, तर गाडी तेथेच बंद करून फोन करावा. एका भाड्याच्या लोभाने पूर्ण इंजिन जाते.

त्या टॅक्सीचे काय झाले?

आम्ही याच क्रमाने गेलो. पातळी पाहिली तर ती वरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्त. साडेतीन लिटरचा पूर्ण डबा आमच्याच मुलाने ओतला होता. जादा ऑइल काढले. दुसऱ्या सकाळी आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. मग इंजिन सुरू न करता फिल्टर काढला. तो हातात हलका लागला. आत जेमतेम दोन घोट ऑइल होते. फिल्टर कापून पाहिला, तर रबराची चकती एका कडेला दुमडलेली. कंपनीचा फिल्टर लावला, चाचांच्या दुकानातील तेच ऑइल तसेच ठेवले. त्यानंतरच्या सकाळी सेल्फ मारला आणि क्षणभराच्या बारीक कुजबुजीपलीकडे काही ऐकू आले नाही. आणखी आठवडाभर मालकाने रोज फोन करून कळविले : आवाज नाही.

तो फिल्टर ग्राहकाने आणलेला नव्हता. चाचांच्या दुकानातीलही नव्हता. घाऊक घेतला तर स्वस्त पडतो म्हणून मी स्वतः आणलेल्या खोक्यातील तो होता. फिल्टरचे आणि मजुरीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. गाडी दोन रात्री ठेवावी लागली, त्या बुडालेल्या पहाटेच्या भाड्याचेही काही पैसे दिले. मालकाला बरोबर घेऊन चाचांच्या दुकानात गेलो आणि सांगितले, "चाचा, ऑइल तुमचे बरोबर होते. चूक माझ्या फिल्टरची होती." खोक्यात उरलेले फिल्टर परत केले. ज्या गाड्यांना त्यातले लावले होते त्यांची नावे वहीत होती. त्यांना बोलावून ते बदलून दिले. खर्च झाला. पण तो टॅक्सीवाला आजही आमच्याकडे येतो आणि चाचांकडेही जातो.

व्यवसायासाठी काही नियम

या अनुभवानंतर आमच्या गॅरेजमध्ये काही गोष्टी कायमच्या झाल्या. प्रत्येक बिलावर ऑइलची कंपनी, नंबर, दर्जा, टाकलेले लिटर, फिल्टरची कंपनी आणि किलोमीटर लिहितो. ब्रँड बदलताना ग्राहकाला आधी सांगतो की, आवाजात बारीक फरक वाटू शकतो, पण दोन-तीन सेकंदांचा खडखडाट आला तर लगेच या. ऑइलमध्ये बचत करावयाची असेल तर ती ग्राहकाला विचारून करतो. फिल्टरमध्ये करीतच नाही. आणि शेजारच्या दुकानदाराच्या मालाविषयी, तपास पूर्ण होण्यापूर्वी, तोंड उघडत नाही.

नव्याने हा धंदा शिकणाऱ्या तरुणांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे की, आवाज ऐकून लगेच मोठा खर्च सांगणारा मेकॅनिक हुशार दिसतो खरा. पण ग्राहक टिकतो तो ज्याने एक रात्र गाडी ठेवून घेतली, सकाळी लवकर उठून पहिला स्टार्ट स्वतः ऐकला आणि चूक आपली निघाली तर ती कबूल केली, त्याच्याकडे.